ऑफेन्सिव्ह लाइनमन (अरीना फुटबॉल)

ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजेच आक्रमक फळीतील खेळाडू, हा अरीना फुटबॉल या खेळातील एक खेळाडू होय. अरीना फुटबॉल हा बंदिस्त क्रीडागृहात खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉलचा प्रकार आहे. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे प्रतिस्पर्ध्यांपासून रक्षण करणे आणि चेंडू घेऊन धावणाऱ्या सहकाऱ्याला वाट मोकळी करून देणे, ही लाइनमनची दोन मुख्य कामे आहेत. तो स्वतः क्वचितच गुण मिळवतो. त्याने प्रतिस्पर्ध्यास किती वेळा यशस्वीपणे अडवले, याचा रकाना नेहमीच्या गुणपत्रकात नसतो. त्यामुळे त्याच्या कारकिर्दीचे मूल्यमापन केवळ आकडेवारीवरून करता येत नाही.

पार्श्वभूमी

भारतात ‘फुटबॉल’ या शब्दाने पायाने खेळायचा खेळ ओळखला जातो. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र लांबट चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे न्यायचा असतो. आक्रमण करणाऱ्या संघाला दहा यार्ड अंतर कापण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. या खेळाचा बंदिस्त अवतार जिम फॉस्टर यांनी कल्पिला. १९८१ साली न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बंदिस्त सॉकरचा सामना पाहताना त्यांनी त्याचा आराखडा एका लिफाफ्यावर रेखाटला. १९८६ मध्ये इलिनॉय राज्यातील रॉकफर्ड येथे चाचणी सामना झाला आणि १९८७ मध्ये चार संघांसह अरीना फुटबॉल लीगचा पहिला हंगाम पार पडला.

मैदान आणि फळीची रचना

मोकळ्या मैदानावरील खेळात प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू असतात, तर अरीना फुटबॉलमध्ये आठ. मुख्य मैदान ५० यार्ड (सुमारे ४६ मीटर) लांब व ८५ फूट (सुमारे २६ मीटर) रुंद असते. मोठ्या मैदानाच्या तुलनेत त्याची लांबी निम्मी आणि रुंदी निम्म्याहून थोडी अधिक भरते. कडेला गाद्या लावलेल्या भिंती असतात.

आक्रमक फळीच्या मध्यभागी सेंटर असतो. तो चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो आणि त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्यास भिडतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड उभे राहतात. फळीतील चौथा खेळाडू, टाइट एंड, अडवण्याबरोबरच फेकलेला चेंडू झेलूही शकतो. मैदान लहान असल्याने या खेळात चेंडू फेकण्यावर अधिक भर असतो. म्हणून क्वार्टरबॅकला मिळणारे दोन-तीन सेकंद निर्णायक ठरतात आणि ते मिळवून देण्याची जबाबदारी लाइनमनवर येते. प्रतिस्पर्ध्यास ढकलता येते, परंतु धरून ठेवता येत नाही. तसे केल्यास संघाला दहा यार्ड मागे जावे लागते.

दुहेरी भूमिका

सुरुवातीच्या दोन दशकांत ‘आयर्नमॅन’ नियम लागू होता. त्यानुसार क्वार्टरबॅक व काही विशेष खेळाडू वगळता इतरांना आक्रमण आणि बचाव अशा दोन्ही बाजूंनी खेळावे लागे. जो गार्ड आक्रमणात आपल्या क्वार्टरबॅकचे रक्षण करी, तोच बचावात प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर चाल करून जाई. त्यामुळे जुन्या लाइनमनच्या नावापुढे आढळणारे आकडे बहुतांशी त्याच्या बचावातील पकडींचे आहेत. आक्रमणातील श्रमांचे नव्हेत. २००७ पासून खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली आणि आक्रमक फळीतील खेळाडू केवळ त्याच कामापुरते राहू लागले. त्यांच्यावरील शारीरिक भार हलका झाला, पण आकडेवारीतील त्यांचे स्थान आणखी आकसले.

कारकिर्दीचे स्वरूप

बहुतेक लाइनमन महाविद्यालयीन फुटबॉलमधून येत. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये (एनएफएल) निवड न झालेल्यांना, किंवा तेथील सराव शिबिरातून वगळले गेलेल्यांना, अरीना फुटबॉल ही दुसरी संधी असे. हंगाम प्रामुख्याने वसंत व उन्हाळ्यात होत असल्याने शरद ऋतूतील मोठ्या लीगसाठी पुन्हा प्रयत्न करता येई. अशी वाट काढणाऱ्यांत क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर यांचे नाव सर्वाधिक प्रसिद्ध आहे. आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून खेळल्यानंतर ते सेंट लुईस रॅम्समध्ये गेले आणि जानेवारी २००० मध्ये सुपर बोल विजेते ठरले.

ही कारकीर्द आर्थिकदृष्ट्या अस्थिर होती. लीगने २००९ चा हंगाम रद्द केला. २०१० मध्ये ती नव्या व्यवस्थेत सुरू झाली, परंतु अनेक खेळाडूंना एका सामन्यामागे सुमारे ४०० डॉलरच मिळत. २०१२ च्या सलामीच्या सामन्याच्या वेळी वेतनाच्या प्रश्नावरून खेळाडूंनी संपाचे पाऊल उचलले. २०१९ नंतर लीग बंद पडली; २०२४ मधील पुनरुज्जीवनाच्या प्रयत्नातही अनेक संघ हंगामाच्या मध्यातच बंद झाले. संघ बंद पडला की खेळाडूला दुसरा संघ, किंवा दुसरा व्यवसाय, शोधावा लागे. गुडघे व खांदे यांच्या दुखापती आणि डोक्याला वारंवार बसणारे लहान आघात हे या स्थानावरील खेळाडूंपुढील प्रमुख धोके आहेत.

भारतातील संदर्भ

भारतात अरीना फुटबॉल रुजलेले नाही. मात्र मोकळ्या मैदानावरील अमेरिकन फुटबॉलसाठी एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया स्थापन झाली. तिच्या पाठीराख्यांत कर्ट वॉर्नर यांचाही समावेश होता. २०१२ च्या तिच्या पहिल्या हंगामात पुणे मराठाज हा संघ विजेता ठरला. मुंबई ग्लॅडिएटर्स हा महाराष्ट्राचा आणखी एक संघ होता.

लाइनमनच्या भूमिकेची कल्पना मराठी वाचकास कबड्डीवरून येऊ शकते. चढाईपटूचा घोटा पकडणारा कोपरारक्षक सर्वांच्या लक्षात राहतो. साखळी करून चढाईपटूची परतीची वाट अडवणारा सहकारी मागे राहतो. पकड मात्र दोघांमुळे पूर्ण होते. अरीना फुटबॉलमधील लाइनमनचे स्थान या दुसऱ्या खेळाडूसारखे आहे.