ग्रहांचे छायाचित्रण आणि पाठनिश्चिती

लहान दुर्बिणीतून ग्रहांची छायाचित्रे घेऊ पाहणाऱ्या नवशिक्याच्या पदरी प्रथम निराशा येते. दुर्बिणीला डोळा लावला असता गुरूच्या बिंबावरील काळसर पट्टे त्याला दिसतात; छायाचित्रात मात्र पांढरा ठिपका उमटतो. रात्रीचे दृश्य म्हणून तो प्रकाशग्रहणाचा काळ वाढवतो. वस्तुतः ग्रह सूर्यप्रकाशाने उजळलेला असतो. शिवाय गुरूचे बिंब सुमारे ४५ विकलांचे असल्याने १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाने होणारी त्याची प्रतिमा जेमतेम पाव मिलिमीटर भरते.

काळ कमी केला, जादा भिंग लावून प्रतिमा मोठी केली, तरी मुख्य अडचण उरतेच. ती हवेची. उष्ण व थंड थरांच्या सरमिसळीमुळे प्रतिमा क्षणोक्षणी विस्कटते. पाहणारा डोळा स्थिर क्षणाची वाट पाहू शकतो. एकटे छायाचित्र ज्या क्षणी घेतले त्या क्षणाशी बांधलेले असते.

यावर आज रूढ असलेला उपाय असा : दोन-तीन मिनिटांत हजारो चित्रांची फीत घ्यावयाची, संगणकाच्या साह्याने त्यांतील रेखीव तेवढी निवडावयाची आणि एकमेकांवर बसवून त्यांची सरासरी काढावयाची. ग्रहाचे खरे तपशील प्रत्येक चित्रात त्याच जागी येतात, दाणेदारपणा मात्र दर वेळी निराळा असतो. त्यामुळे ४०० चित्रांच्या मिलाफात तो सुमारे विसाव्या हिश्श्यावर येतो. फीत फार लांबवूनही चालत नाही. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो.

ही रीत साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तीही अनेक पोथ्या ताडून. कोणतीही एक पोथी प्रमाण नव्हे, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. मर्यादाही समान आहे. मूळ पोथीतच शिरलेली चूक तिच्या शंभर नकलांत तशीच उतरते. त्याप्रमाणे दुर्बिणीचे आरसे नीट जुळवलेले नसतील, तर तो दोष हजार चित्रांच्या मिलाफानेही जात नाही.

याहून मोठा धोका संस्काराचा आहे. मिलाफानंतर चित्राची रेखीवता वाढवताना नसलेल्या रेषाही उमटू शकतात, आणि पाहणारा अपेक्षेप्रमाणे त्यांना अर्थ देतो. १९०५ मध्ये अमेरिकेतील लोवेल वेधशाळेत लॅम्पलंड यांनी घेतलेल्या मंगळाच्या इवल्या छायाचित्रांत पर्सिव्हल लोवेल यांना कालवे दिसले. इतर अनेकांना ते दिसले नाहीत. १९६५ मध्ये मरिनर-४ या यानाने पाठवलेल्या चित्रांत विवरे होती, कालवे नव्हते.

म्हणून नवशिक्याने त्याच रात्री दुसरी स्वतंत्र फीत घेऊन पाहावे. जो तपशील दोन्हींत आढळेल आणि यंत्राच्या दोषातून आलेला नसेल, तोच ग्रहाचा मानावा. उरलेला, कितीही मोहक असला तरी, प्रक्षिप्त समजावा.