पार्किंगच्या मापात सूट : 'व्हेरियन्स' म्हणजे काय?

अमेरिकेत कार्यालयाला किती पार्किंग जागा हव्यात आणि प्रत्येक जागा किती मोठी हवी, हे शहराचा झोनिंग नियम ठरवतो. एका गाडीसाठी ९ फूट रुंद व १८ फूट लांब जागा हे तेथील प्रचलित माप.

समजा, तुमच्या भूखंडावर ७२ फुटांची एकच रांग बसते आणि नियमानुसार ९ जागा हव्यात. ९ फुटांप्रमाणे ८ जागा होतात, ८ फुटांप्रमाणे ९. अशा वेळी मापात जी सूट मागतात, तिला 'व्हेरियन्स' म्हणतात.

तेथील वाणिज्य खात्याच्या १९२६ च्या सुधारित नमुना कायद्यात हा अधिकार 'बोर्ड ऑफ ॲडजस्टमेंट' या मंडळाला दिला आहे. अर्जदाराला सर्वसाधारणपणे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात :

१. अडचण भूखंडाच्या आकारामुळे, उतारामुळे किंवा अशाच खास परिस्थितीमुळे आली आहे. केवळ खर्च वाढतो म्हणून नव्हे.
२. ती अर्जदाराने स्वतः ओढवून घेतलेली नाही. इमारत मोठी बांधल्याने जागा उरली नाही, हे कारण म्हणूनच टिकत नाही.
३. सूट सार्वजनिक हिताच्या विरोधात नाही.

मंडळ अटीही घालू शकते. उदाहरणार्थ, लहान जागा दिवसभर गाडी ठेवणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठीच असाव्यात. कारण तेथे गाड्यांची ये-जा कमी असते.

लक्षात ठेवा, व्हेरियन्समुळे नियम बदलत नाही. एका भूखंडापुरता अपवाद होतो.