अडखळत चालणारा मिक्सर

पीठ मळायचा मोठा मिक्सर आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वीस-तीस वर्षांपासून आहे. बोटांचे सांधे आखडल्यावर शुक्रवारच्या खल्ल्याचे पीठ तोच मळतो. आमचा मिक्सर मध्यंतरी अडखळू लागला. मध्येच पळायचा, मध्येच दम टाकायचा. दुरुस्तीवाल्याने न उघडताच सांगितले, "जुना झाला, नवा घ्या." आम्ही तो टाकला नाही. त्यातून जे समजले ते इथे देत आहोत.

आधी दोष कुठे आहे ते पाहावे. भांडे रिकामे ठेवून मिक्सर हळू वेगावर चालवावा. रिकामा असताना नीट चालतो आणि पीठ घातल्यावरच अडतो, तर बहुधा पीठ जास्त किंवा फार घट्ट होते. तेवढेच पीठ दोन वेळा मळावे. दोन्ही गोळे मग एका भांड्यात एकत्र ठेवून खल्ला वेगळा काढता येतो.

रिकामा असतानाही अडखळत असेल, तर पहिला संशय कोळशाच्या ब्रशांवर घ्यावा. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवायला दोन्ही बाजूंनी कार्बनच्या दोन लहान कांड्या स्प्रिंगने दाबून बसवलेल्या असतात. फिरता फिरता त्या पेन्सिलीसारख्या झिजतात. आखूड झाल्या की स्प्रिंगचा दाब कमी पडतो, वीज तुटक जाते आणि वेग वरखाली होतो. आतून ठिणग्या जास्त दिसतात, जळका वास येतो. कांडी पाव इंचाच्या आसपास उरली असेल तर बदलावी, आणि दोन्ही एकदमच बदलाव्यात. इथल्या दुकानात त्यांना 'पेखामीम' म्हणतात. जुनी कांडी नमुन्याला बरोबर न्यावी, कारण मापात थोडा फरकही चालत नाही. नव्या कांड्या बसवल्यावर मिक्सर काही मिनिटे रिकामा चालवावा, म्हणजे त्या घासून नीट बसतात.

काही मिक्सरांत ब्रशांची झाकणे बाहेरूनच पेचकसाने उघडतात. अशा वेळी हात थरथरत नसेल आणि नजर चांगली असेल, तर हे काम घरी होते. प्लग मात्र आधी भिंतीतून काढून डोळ्यांसमोर ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

ब्रश चांगले असूनही वेग स्थिर राहत नसेल, तर दोष वेग सांभाळणाऱ्या भागात असू शकतो. जुन्या यंत्रांत मोटरबरोबर फिरणारी छोटी वजने वेग वाढला की संपर्क तोडतात आणि कमी झाला की जोडतात. त्या संपर्कांवर काजळी बसते. नंतरच्या यंत्रांत हेच काम इलेक्ट्रॉनिक पट्टी करते. तिच्यावरचा कपॅसिटर, म्हणजे 'कबाल', वयाने खराब होतो. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. म्हणून इथे आपण हात घालू नये, 'खश्मलाई'लाच बोलवावे. त्याला "मिक्सर बिघडला" एवढेच न सांगता, रिकामा असताना कसा चालतो, कोणत्या वेगावर अडखळतो, ठिणग्या दिसतात का, हे सांगावे. मग तो न पाहताच "टाकून द्या" म्हणणार नाही.

खडखड आवाज येत असेल तर दातेरी चाकांचे ग्रीस वाळलेले असू शकते. त्यात खायचे तेल कधीही घालू नये. ते चिकट होते आणि थेंब पिठात पडतात. धूर निघाला तर मात्र ताबडतोब प्लग काढावा आणि दाखवल्याशिवाय पुन्हा लावू नये.

आमच्या मिक्सरचे ब्रशच झिजले होते. नवे बसवले, आणि तो पूर्वीसारखा एका सुरात चालू लागला.

एक गोष्ट अनुभवाने सांगतो. शुक्रवारी दुपारी दुरुस्तीला बसू नये. आम्ही बसलो, एक स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली, आणि त्या शब्बाथला पीठ दोघांनी मिळून हातानेच मळले. दुरुस्ती रविवारी करावी.

शब्बाथ शालोम.