साठवणीतील मद्य आणि उष्णतामान : राजाजीनगर ते धान्यराशी

बंगळूर शहरातील राजाजीनगर ही वसाहत चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या नावाने ओळखली जाते. मद्रास प्रांताचे मुख्यमंत्रिपद भूषवीत असताना १९३७ साली याच राजाजींनी सेलम जिल्ह्यात दारूबंदी लागू केली होती. त्यांचे नाव धारण करणाऱ्या वसाहतीत आज मद्यविक्रीची दुकाने उघडपणे चालतात, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावा लागेल. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय निराळा आहे. अशा दुकानांवरील पाटीवर बहुधा ‘वाइन्स’ एवढाच शब्द असतो आणि आत द्राक्षमद्य, बिअर व ऊर्ध्वपातित मद्ये एकत्रच विकली जातात. महाराष्ट्रातही ‘वाइन शॉप’चा अर्थ हाच. मराठीतील ‘दारू’ हा शब्द तर सर्वांनाच कवेत घेतो. भाषेने एकत्र बांधलेले हे पदार्थ उष्णतेपुढे मात्र अगदी वेगवेगळे वागतात. तो भेद ध्यानात न घेतल्यामुळे घरातील बाटली बिघडते आणि जुन्या ग्रंथांचा अर्थही निसटतो.

साठवणीवर उष्णतामानाचा परिणाम दोन प्रकारे होतो. एक, उष्णता किती आणि किती काळ. दुसरा, तिची चढउतार. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूरची हवा सौम्य समजली जाते. तरीही एप्रिलमध्ये दुपारचे सरासरी उष्णतामान ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास व पहाटेचे २२ अंशांच्या आसपास असते. जानेवारीत हेच आकडे २८ व १६ च्या जवळ येतात. द्राक्षमद्यासाठी मात्र १२ ते १४ अंशांचे स्थिर उष्णतामान इष्ट मानले जाते. म्हणजे सौम्य समजल्या जाणाऱ्या या नगरातही, काँक्रीटच्या छताखालील वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरातील उंच फळीवर ठेवलेली बाटली वर्षाचा बराच काळ अनिष्ट उष्णतेत राहते. नाशिकसारख्या द्राक्षांच्या प्रदेशात तर उन्हाळा अधिक कडक आणि हिवाळ्यातील रात्री अधिक थंड. तेथे ही तफावत आणखी वाढते.

प्रथम द्राक्षमद्याचा विचार करू. बाटलीत भरल्यावरही त्यातील आम्ले, रंगद्रव्ये, कषाय द्रव्ये आणि मद्यार्क यांच्यात मंद रासायनिक क्रिया चालूच असतात. मराठीत आपण ज्याला ‘मुरणे’ म्हणतो ते हेच. उष्णतामान १० अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग साधारणतः दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. परंतु सर्वच क्रिया सारख्या प्रमाणात वेगावत नाहीत. म्हणून उष्णतेत सहा महिने ठेवलेले मद्य थंडाव्यात काही वर्षे मुरलेल्या मद्यासारखे होत नाही. त्याचा रंग तपकिरीकडे झुकतो, ताज्या फळाचा गंध जाऊन शिजवलेल्या मुरंब्याचा गंध येतो आणि संरक्षणासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड लवकर खर्ची पडतो. हा बदल अपरिवर्तनीय असतो. नंतर कितीही थंड केले तरी गेलेला गंध परत येत नाही.

चढउताराचा परिणाम यांत्रिक स्वरूपाचा आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतील द्राक्षमद्य १० अंश तापले की सुमारे २ ते अडीच मिलिलिटरने प्रसरण पावते. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु बुचाखालील मोकळी जागाच मुळी ४-५ मिलिलिटरची असते. ती निम्मी झाली की आतील हवेचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. बूच किंचित वर सरकते, कडेने द्रव पाझरतो. रात्री द्रव आकुंचन पावला की बाहेरची हवा आत ओढली जाते. ही क्रिया ऋतूमागून ऋतू होत राहिली तर प्राणवायूचा शिरकाव वाढतो आणि मद्य विटते. अतिथंडीने मात्र फारसे नुकसान होत नाही. तळाशी साखरेसारखे खडे दिसू लागतात, ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असून निरुपद्रवी असतात.

बिअरची प्रकृती याहून भिन्न आहे. काही कडक प्रकार सोडले तर ती मुरण्यासाठी नसतेच; कारखान्यातून बाहेर पडते त्या दिवसापासून तिचा उतार सुरू होतो. तिच्यात मद्यार्क साधारण ५ टक्के, म्हणजे द्राक्षमद्याच्या निम्म्याहून कमी. उष्णतेत तिच्यात नोनेनालसारखी संयुगे जाणवू लागतात आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. या व्यवसायात एक ठोकताळा प्रचलित आहे : ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस यांत बिअरचा शिळेपणा सारखाच. हा काटेकोर नियम नव्हे. पण दिशा अचूक दाखवतो. दाबाचेही तसेच. थंड द्रवात कार्बन डायऑक्साइड अधिक विरघळतो. त्यामुळे ५ अंशांवर बाटलीतील जो दाब वातावरणाच्या पावणेदोन पटींच्या आसपास असतो, तो ३० अंशांवर सुमारे चौपट होतो.

येथे एका रूढ समजुतीचा परामर्श घेतला पाहिजे. एकदा थंड केलेली बिअर पुन्हा कोमट झाली की कायमची बिघडते, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः थंड-कोमट-थंड अशा एखाद्या फेऱ्याने विशेष हानी होत नाही. फार थंड केल्यावर येणारा गढूळपणाही पुन्हा कोमट झाल्यावर बहुधा विरतो. हानी होते ती उष्णतेत घालवलेल्या एकूण काळाने. उन्हात ठेवलेल्या बाटलीला येणारा उग्र दर्प हा तर प्रकाशाचा दोष आहे, उष्णतेचा नव्हे.

थंडाव्याचे हे महत्त्व एका शब्दातच साठलेले आहे. ‘लागर’ ही बिअरची जात जर्मन भाषेतील साठवणे या अर्थाच्या क्रियापदावरून नाव घेऊन आली. थंड तळघरांत दीर्घकाळ ठेवणे हेच तिचे लक्षण. यांत्रिक शीतकरण सुलभ होण्यापूर्वी हिंदुस्थानातील इंग्रजी कारखाने कसौली आणि निलगिरीसारख्या उंच, थंड ठिकाणी निघाले ते याच कारणाने. १९१५ साली टॉमस लीशमन याने दक्षिणेतील काही कारखाने एकत्र करून युनायटेड ब्रुअरीज स्थापन केली. त्यांत निलगिरीच्या जोडीला बंगळूरचेही कारखाने होते. लष्करी छावणीतील गिऱ्हाईक आणि सौम्य हवा, दोन्ही येथे उपलब्ध होती. उलट अपवाद मदिरा बेटावरील मद्याचा. उष्ण कटिबंधातून जहाजाने जाऊन परतलेली पिंपे अधिक रुचकर ठरली, म्हणून पुढे ते मुद्दाम ४५ ते ५० अंशांवर किमान तीन महिने तापवले जाऊ लागले. परंतु ते वरून मद्यार्क घालून बळकट केलेले असते. साध्या द्राक्षमद्याला तो न्याय लागू पडत नाही.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. आसव-अरिष्टांच्या कृतींत तूप चोळलेले मडके तोंड बंद करून पंधरवडा वा महिनाभर धान्यराशीत किंवा जमिनीत पुरून ठेवावे, असे वारंवार सांगितलेले आढळते. अनुवादक बहुधा हे शब्द जसेच्या तसे देऊन पुढे जातात आणि वाचकाला तो एखादा विधी वाटतो. परंतु धान्याच्या दाण्यांत अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक असते आणि जमिनीत अर्धा मीटर खोलीवर दिवसरात्रीची चढउतार जवळजवळ पोहोचत नाही. तुपाच्या लेपाने मातीची छिद्रे बुजतात. म्हणजे किण्वाला हवे असलेले स्थिर उष्णतामान यंत्रावाचून साधण्याची ही युक्ती होती. नवे मद्य जड आणि जुने हितकर हे आयुर्वेदाचे मतही याच संदर्भात वाचले पाहिजे : ‘जुने’ म्हणजे नुसते दीर्घकाळ राहिलेले नव्हे, तर नीट राखलेले.

अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात ‘मधु’ हा शब्द द्राक्षरसाच्या मद्यासाठी येतो आणि कापिशायन व हारहूरक ही त्याची प्रदेशवाचक नावे दिलेली आहेत. सुरा, मैरेय, आसव, मधु हे वेगळे शब्द वेगळ्या द्रव्यांचे, वेगळ्या निर्मितीचे आणि म्हणून वेगळ्या साठवणीचेही सूचक आहेत. त्या सर्वांना एकाच ‘दारू’त ओतणारा अनुवाद केवळ शब्दच नव्हे, तर त्यामागील अनुभवही गमावतो. राजाजीनगरातील रहिवाशाने द्राक्षमद्याची बाटली आतल्या खोलीत, जमिनीलगत, भट्टीपासून दूर आडवी ठेवावी आणि बिअर थंड ठेवून लवकर संपवावी, हा आजचा सल्ला. धान्यराशीत मडके ठेवणाऱ्या वैद्याला त्यामागील तत्त्व अपरिचित वाटले नसते.