शेवटचा हप्ता फिटल्यावर

कर्ज कसे फेडावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते फिटल्यानंतरच्या पहिल्या पगाराचे काय करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. वागळे इस्टेटीत आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कामगारांमध्ये वावरताना मी पाहिले आहे की, मोकळी झालेली रक्कम रिकामी बसत नाही. आपण तिला काम दिले नाही, तर ती स्वतःच शोधते. आणि बहुधा नवा हप्ताच शोधते.

कर्ज हा कामगाराचा जुना सोबती. नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ साली आपल्या ठाण्यातलाच. त्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात रविवारच्या सुटीबरोबरच अशी मागणी होती की, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. पगार लांबला की वाण्याची उधारी वाढे. पुढे १९३१ साली व्हिटले आयोगाने लिहिले की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार कर्जात आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. हे तीन महिने ध्यानात ठेवावेत. ते देण्याच्या बाजूला असले की कामगाराला मालकापुढे थांबता येत नाही. शिलकेच्या बाजूला असले की येते.

तेव्हा पहिली गोष्ट, हप्ता बंद करू नये. तो स्वतःच्या नावे सुरू ठेवावा, आणि तोही पगाराच्या दिवशीच. समजा, हप्ता ६,००० रुपयांचा होता आणि घरखर्च महिना २०,००० आहे. वीस महिन्यांत १,२०,००० साठतात, म्हणजे सहा महिन्यांचा घरखर्च. टाळेबंदी, आजारपण, बदललेली नोकरी यांसाठीच ही गंगाजळी. तिला लग्नाच्या मांडवात हात लावू नये. ती पुरी झाल्यावर मग मुलांचे शिक्षण, म्हातारपण यांसाठी पोस्ट, भविष्यनिर्वाह निधी वगैरे पाहावे.

पैसा ठेवायचा कोठे? अर्धा टक्का जास्त व्याजासाठी सारी शिल्लक एकाच ठिकाणी घालणारे आपल्यात कमी नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आरंभी ठेवीदारांना फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींना, एका बँकेत एका ठेवीदारामागे, पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे; पतपेढीला नाही. पतपेढी आपल्या माणसांची असते, मलाही ती प्रिय आहे, पण गंगाजळी तेथे ठेवू नये.

कागदांचा आळस करू नये. बेबाकीचा दाखला घ्यावा, कोरे धनादेश परत मागावेत. घर तारण असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे मिळाली पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे.

एक धोका मात्र घरच्या उंबऱ्यावर येतो. तुमचे कर्ज फिटल्याची बातमी खात्यात पसरते आणि कोणीतरी जामीनकीचा कागद घेऊन येतो. “नुसती सही तर हवी,” म्हणतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, कागदात वेगळे लिहिले नसेल तर, जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेला आधी त्याच्याकडे जाण्याचे बंधन नाही. म्हणून सहीपूर्वी मनाशी विचारावे : त्याचे सगळे हप्ते मला भरावे लागले, तर भरीन का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्याला चहा पाजावा आणि कागद तसाच परत द्यावा.