क्रेनचा तोल कसा तपासतात?

श्रोतेहो, गावात नवा ट्रान्सफॉर्मर बसवायचा असो, की उसाची उलटलेली ट्रॉली उचलायची असो, ट्रकवरची क्रेन आली की निम्मे गाव गोळा होते. विहिरीवर यारी लागली की होते, तसेच. एवढे ओझे उचलून हा ट्रक उलटत कसा नाही, असे एखादा पोरगा हमखास विचारतो. गुरुजींनी हा प्रश्न टाळू नये. कारण कधी कधी तो उलटतो, आणि मग क्रेनचा लांब दांडा, म्हणजे बूम, थेट बघ्यांच्या अंगावर येऊ शकतो.

बैलगाडी हाकणाऱ्याला यातले शास्त्र नवे नाही. मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उठते. गाडीचा तोल आसावर फिरतो. क्रेनचा तिच्या पायांवर. ट्रकच्या दोन्ही अंगांना लोखंडी पाय बाहेर सरकवून जमिनीवर टेकवतात आणि चाकांवरचा भार त्यांच्यावर घेतात. हे आउटरिगर. ओझे ज्या बाजूला असेल, त्या बाजूचे दोन पाय जोडणारी रेघ मनाशी ओढा. ती झाली पहारीखालचा टेकू.

आता हिशेब पाहा. समजा, क्रेन सगळी मिळून 20 टन भरते, आणि तिचे वजन या रेघेच्या आत 3 मीटरवर एकवटले आहे. वीस त्रिक साठ. रेघेबाहेर 6 मीटरवर 10 टन टांगले, तर सहा दाहे साठ. पारडी सारखी झाली. तेच ओझे 12 मीटरवर नेले तर बारा पंचे साठ, म्हणजे 5 टनांतच क्रेन उलटायच्या बेताला येईल. (बूम खाली झुकला की त्याचे स्वतःचे वजनही बाहेर सरकते, सोपेपणासाठी ते येथे धरलेले नाही.) ‘ही क्रेन किती टनांची?’ हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे. किती लांबवर किती टन, असे विचारायला हवे.

कारखान्यात कागदावर केलेला हा हिशेब प्रत्यक्ष वजने टांगून ताडून पाहतात. जागा टणक आणि सपाट घेतात, पाणसळ लावून ट्रक समपातळीत आणतात आणि वारा पडलेला असताना काम करतात. मोजलेली वजने आकड्याला अडकवून जमिनीपासून वीतभरच उचलतात. यात खुबी आहे बरं का! तोल गेलाच, तर वजन लगेच जमिनीला टेकते आणि ट्रक पुन्हा बसतो. अंतर मात्र ओझे उचलल्यावर मोजायचे. कारण भार पडला की बूम वाकतो आणि ओझे आपोआप थोडे बाहेर जाते. ट्रकचे पाय लांबीकडे दूर आणि रुंदीकडे जवळ असल्यामुळे बहुधा बाजूची दिशा कमजोर असते. ती आधी तपासतात. मग उलट परीक्षा: ओझे काही नाही, बूम पार उभा, आणि मागे समतोलासाठी लावलेले जड वजन. अशा वेळी क्रेन मागच्या मागे उलाळ होता कामा नये.

आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे क्रेनने नेमून दिलेल्या ओझ्याच्या सव्वापट, आणि शिवाय बूमच्या टोकाशी धरलेल्या त्याच्या वजनाचा दहावा हिस्सा, एवढा भार न उलटता पेलला पाहिजे. अमेरिकेत उलट्या अंगाने जातात. ज्या भाराला क्रेन उलटते, त्याच्या शेकडा 85 पर्यंतच पायांवर उभ्या क्रेनला मुभा. वरच्या उदाहरणात 10 टनांऐवजी साडेआठ.

परंतु ट्रकचा पाय उचलला जात नाही तोवर धोका नाही, असे समजणारे ऑपरेटर भेटतात. ही समजूत घातक आहे. ओझे जवळ असते तेव्हा तोल जाण्याआधी बूमच मोडू शकतो, आणि मोडणारे लोखंड पूर्वसूचना देईलच असे नाही. क्रेनसोबतच्या भारतक्त्यात अशी ओझी पुष्कळदा जाड रेघेने वेगळी दाखवलेली असतात. ती रेघ ऑपरेटरला ठाऊक आहे का, हे काम देणाऱ्याने खुशाल विचारावे.

आणि तो तक्ता टणक जमिनीचा, हे विसरू नये. तुमच्या काळ्या रानाची परीक्षा कारखान्याने घेतलेली नाही. एका पायावर 15 टन आले आणि त्याचा तळवा अर्धा मीटर लांब-रुंद असला, तर दर चौरस सेंटिमीटरला 6 किलो भार पडतो. खाली एक मीटर लांब-रुंद असा जाड लाकडी ओंडक्यांचा पाट घातला, तर तोच दीड किलोवर येतो. पावसाने भिजलेल्या काळ्या मातीला दीड किलोही जड जातो. तेथे पाट आणखी मोठा हवा, किंवा काम वाफसा येईपर्यंत थांबवावे. विहिरीचा काठ, नुकताच बुजवलेला पाइपलाइनचा चर, शोषखड्डा या जागा ऑपरेटरला वरून दिसत नाहीत. त्या गावकऱ्यांनीच पाय टेकण्यापूर्वी दाखवून द्यायच्या, आणि मुलांना बूमच्या लांबीपलीकडे उभे करायचे.