बेत बदलला, हेतू ढळला नाही

परमुलखात सेवेसाठी जाणाऱ्या माणसाची पहिली परीक्षा भाषेची किंवा हवापाण्याची असते, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते ती परीक्षा दुसरीच असते. घरून निघताना मनाशी धरलेला बेत वाटेत मोडला, तर पुढे काय करायचे, हा तो प्रश्न होय. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे ठिकठिकाणी सापडतात. त्यांच्या धर्ममतांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे आणि तो आमचा अधिकारही नव्हे. परंतु सेवाकार्य करणाऱ्या कोणत्याही संस्थेने त्यातून घेण्याजोगे पुष्कळ आहे, म्हणून महोत्सवाच्या या अंकात हा विषय मांडीत आहोत.

यातील एक कथा तर आपल्या गावातून जाते. राजघाटावर उभे राहिले म्हणजे एका बाजूस तापीचे पात्र व वर शाही किल्ल्याच्या भिंती दिसतात. 1600 साली बादशहा अकबर दक्षिणेच्या स्वारीवर बुऱ्हाणपुरास आला व 1601 च्या जानेवारीत असीरगड त्याच्या हाती पडला. त्याच्या लवाजम्यात दोन जेझुइट होते. एक फादर जेरोम झेवियर व दुसरे ब्रदर बेंतो द गोइश. गोइश हे अझोर्स बेटांतले. हिंदुस्थानात आले ते शिपाई म्हणून. पुढे गोव्यास ते जेझुइट संघात शिरले व 1595 मध्ये लाहोरास अकबराच्या दरबारी पोचले. 1601 साली बादशहाने गोव्यास वकिलात पाठविली, तीबरोबर गोइश बुऱ्हाणपुराहून निघाले. गोव्यास पोचल्यावर वरिष्ठांनी त्यांच्यावर अगदी निराळे काम सोपविले. मध्य आशियातून ‘कथाय’ नावाच्या देशाचा शोध घ्यायचा होता. त्या देशात पुष्कळ ख्रिस्ती वस्ती आहे, असे लाहोरास एका मुसलमान व्यापाऱ्याने झेवियर यांना सांगितले होते.

ऑक्टोबर 1602 मध्ये गोइश आग्र्याहून निघाले. आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष घेतला व ‘अब्दुल्ला’ हे नाव धारण केले. सोबतीचा एक ग्रीक पाद्री काबुलाहूनच परत फिरला व दुसरा ग्रीक सोबती तेथेच मागे राहिला. शेवटपर्यंत साथ दिली ती इसाक नावाच्या आर्मेनियनाने. काबुलात त्यांना मक्केची यात्रा करून परतणारी एक राजघराण्यातली बेगम भेटली. ती काशगरच्या सुलतानाची बहीण होती व तिच्याजवळचा पैसा संपला होता. गोइश यांनी आपल्या मालापैकी काही विकून तिला कर्ज दिले व व्याज घेण्याचे नाकारले. बेगमेने ते कर्ज पुढे यशब या मौल्यवान दगडाच्या रूपाने फेडले आणि चीनच्या वाटेवर त्याहून चांगला माल दुसरा नव्हता. बेतात नसलेली ही मदत अशी उपयोगी पडली.

नोव्हेंबर 1603 मध्ये ते यारकंदास पोचले. पुढचा काफिला सिद्ध होईना, म्हणून एक वर्ष तेथेच काढावे लागले. त्यापुढच्या वाटेवर त्यांना पेकिंगहून परतणारे मुसलमान व्यापारी भेटले. त्यांनी सांगितले की, आम्ही पेकिंगात ज्यांच्या शेजारी उतरलो होतो ते तुमच्याच संघाचे लोक. तेव्हा उलगडा झाला की कथाय म्हणजे दुसरा देश नव्हेच, तो चीनच होय. आणि तेथे मातेओ रिची व त्यांचे सहकारी समुद्रमार्गे आधीच पोचले आहेत. म्हणजे ज्या देशाच्या शोधासाठी हजारो मैल तुडविले, तो त्या नावाने नव्हताच! एखादा माणूस येथूनच माघारी वळला असता. गोइश पुढे गेले. आता त्यांचे काम वाट नक्की करण्याचे झाले. 1605 च्या अखेरीस ते चीनच्या सरहद्दीवरील सूचौ येथे पोचले, पण पुढे जाण्याची परवानगी मिळेना. पत्रे पेकिंगास पोचावयास बरेच महिने लागले. रिची यांनी पाठविलेला मदतनीस मार्च 1607 मध्ये आला, तोवर गोइश अंथरुणास खिळले होते. 11 एप्रिल 1607 रोजी ते वारले. त्यांच्या रोजनिशीत काफिल्यातील लोकांकडील येणे लिहिलेले होते, म्हणून त्यांनी ती फाडून टाकली. उरलेल्या तुकड्यांवरून व इसाकच्या आठवणींवरून रिची यांनी प्रवासवृत्त जुळविले. इसाक पुढे समुद्रमार्गे हिंदुस्थानात परतला व कोकणातील चौल येथे स्थायिक झाला.

दुसरे उदाहरण मराठी मुलखातले आहे. 1812 साली अमेरिकेहून काही तरुण मिशनरी कलकत्त्यास उतरले. कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. त्याच वर्षी इंग्लंड व अमेरिका यांत युद्ध जुंपल्याने संशय अधिकच वाढला. टोळी फुटली. जडसन रंगूनला गेले. न्यूवेल मॉरिशसला गेले व तेथे त्यांची तरुण पत्नी हॅरिएट 30 नोव्हेंबर 1812 रोजी वारली. हॉल व नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईस आले. तेथेही त्यांना घालवून देण्याचे घाटत होते. शेवटी राहण्याची मोकळीक मिळाली व अमेरिकन मराठी मिशनचा पाया पडला. हॉल मराठी शिकले आणि मिशनने शाळा व छापखाना काढला. 1826 साली दौऱ्यावर असताना नाशिककडच्या भागात कॉलऱ्याने हॉल यांचा अंत झाला.

त्यांच्यामागून 1827 मध्ये सिंथिया फॅरार या अविवाहित शिक्षिका मुंबईस आल्या. त्यांच्याकडे मुलींच्या शाळांची देखरेख होती. 1839 मध्ये त्यांना मुंबई सोडून अहमदनगरास जावे लागले आणि 1862 साली तेथेच त्यांचा अंत झाला. नगरच्या त्यांच्या शाळेत सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे चरित्रकार सांगतात. तसे असेल, तर मुंबईच्या बेतातून नव्हे, तर बदललेल्या बेतातून महाराष्ट्रास हा लाभ झाला.

यावरून काय निष्पन्न होते? बेत चार कारणांनी मोडतो. सत्ता बदलते, वाट बंद होते, सोबती गळतात आणि माहिती चुकीची ठरते. यांपैकी एकही कारण आपल्या हातचे नसते. हातात राहतो तो हेतू. आमच्या घरांत उद्याचा बेत सांगताना ‘इन्शाअल्ला’ म्हणण्याची रीत आहे. तिचा अर्थ हातपाय गाळणे असा नसून, तयारी आपली व निकाल आपला नव्हे, एवढाच आहे.

परंतु येथे एक शंका रास्त आहे. बदल हा चंचलपणाचे पांघरूण तर होणार नाही ना? त्यासाठी तीन कसोट्या सुचवाव्याशा वाटतात. पहिली, नव्या बेताने मूळ हेतूचीच सेवा होते काय? दुसरी, ज्यांच्या विश्वासावर आपण निघालो त्यांना बदल कळविला काय? गोइश अडले असतानाही पेकिंगास पत्रे पाठवीत राहिले, हे ध्यानात घ्यावे. तिसरी, हिशेब व नोंदी शाबूत आहेत काय? गोइश यांची वही फाटली म्हणून त्यांच्या प्रवासाचा कितीतरी तपशील जगास कायमचा मुकला.

हे सारे आपल्या ट्रस्टाच्या कामीही लागू आहे. एका कार्यासाठी वर्गणी जमवावी आणि ऐन वेळी गावास दुसऱ्याच गोष्टीची निकड भासावी, हा अनुभव कोणत्याही ट्रस्टास नवा नाही. अशा वेळी जुन्या ठरावाला कवटाळून बसणे जसे चूक, तसे दात्यांना न विचारता पैसा वळविणे त्याहून मोठी चूक. सभा बोलवावी, बदलाचे कारण वहीत लिहावे, दात्यांची संमती घ्यावी व मग नेटाने कामास लागावे. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर गेलेल्या आपल्या मुलामुलींचा बेत मोडून त्यांचे पत्र आले, तर त्यांस अपयशी ठरविण्याची घाई घरच्या वडीलधाऱ्यांनी करू नये. आधी एवढेच विचारावे की, बाळ, निघताना जो हेतू होता तो अजून शाबूत आहे ना? तो शाबूत असेल, तर वाट पुन्हा सापडते.